मिस्त्रींचा खांदा

खांदा हा पिशवी अडकवायला आणि पोराला बसवायला असतो, एवढी साधी गोष्ट मिस्त्रींना उभ्या जन्मात कळली नव्हती. त्यांच्या मते त्यांचा उजवा खांदा म्हणजे तराजू होता. कुणाची रायफल किती लाथ मारते, हे तोलायचा तराजू. बरं, हे खूळ एकट्या त्यांचं असतं तर मिस्त्रीणबाईंनी कसंबसं निभावून नेलं असतं. पण आसपासच्या सगळ्या बंदूकवाल्यांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं. शिकार बंद होऊन जमाना झाला, तरी ज्याच्या घरात आजोबांच्या वेळची एखादी मोठ्या तोंडाची रायफल आहे त्याला ती कपाटात गप्प ठेवून चैन पडत नाही. "आमचीची लाथ बघा," म्हणत दुकानात यायचं, मिस्त्रींना गावाबाहेरच्या खाणीत नेमबाजीच्या क्लबाच्या मैदानावर न्यायचं, बार काढायला लावायचे, आणि मिस्त्रींनी खांदा चोळत निकाल द्यायचा. निकाल ऐकून मंडळी खुशीत घरी. इकडे गरम पाण्याची पिशवी भरायला मिस्त्रीणबाई आहेतच.

त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्यांना रायफलीचं ओ की ठो माहीत नव्हतं. माहेरी कातडी पिशव्या शिवायचं काम, त्यामुळे दाभण मात्र हातात पक्कं बसलेलं. सासऱ्यांनी ते लगेच हेरलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांना पाट दिला. त्या सासऱ्यांना मामंजी म्हणत. मामंजींनी त्यांना लाकूड घासायला शिकवलं, तेल मुरवायला शिकवलं, आणि माणसाचा हात, मान, गाल नजरेनेच मापायला शिकवलं. रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, पायातल्या वहाणेसारखा ज्याचा त्याला बसला पाहिजे, असं ते म्हणत. तेव्हापासून दस्त्यांना पॉलिश करणं आणि धक्का सोसण्यासाठी दस्त्याच्या टोकाला रबराची गादी घालून वरून कातडं शिवणं हे काम मिस्त्रीणबाईंचं. नळ्या, चाप, बाकीचं लोखंड मिस्त्रींचं.

मामंजींचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचा खांदा दुकानाबाहेर जाता कामा नये. म्हणजे कुणाला कुठली रायफल सोसवत नाही, कुणी हळूच येऊन गादी जाड करून घेतली, कुणी दस्ता पोखरून आत शिसं भरून घेतलं, हे ज्याचं त्याला आणि आपल्याला ठाऊक. तिसऱ्या कानाला नाही. कारण शिसं भरलं की रायफल जड होते, आणि जड रायफल हळू मागे येते, त्यामुळे लाथेची नुसती ढकल होते. आणि असं शिसं भरून घेणारा माणूस क्लबात जाऊन आपल्या खांद्याच्याच बढाया मारत असतो. मिस्त्रीणबाईंनी हा नियम इतकी वर्षं पाळला. पोटात किती गुपितं साठली असतील, त्यांची त्यांनाच माहीत.

या सगळ्यांत त्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटणारी खरी जोडी म्हणजे दोघे जावई. म्हणजे त्यांचे नव्हेत. पलीकडच्या टेकडीवर एक नावाजलेले शिकारी राहत, त्यांचे. शिकाऱ्यांना मुलगा नव्हता, दोन मुली. जाताना म्हाताऱ्याने आपल्या दोन रायफली दोन जावयांना दिल्या आणि साडवांमध्ये कायमची काडी लावून दिली. थोरल्याला मिळाली दुनळी. रुंद तोंडाची, वजनदार. धाकट्याला एकनळी. तोंड जरा लहान, पण काडतूस लांब, दारू जास्त, आणि अंगाने हलकी. कुठलीची लाथ जबर, यावर दोघे साडू जेवणाच्या पंगतीत भांडायचे, आजारी माणसाच्या उशाशी भांडायचे, आणि एकदा तर बायकांनी त्यांना भर रस्त्यात गाडीतून उतरवलं होतं.

खरं तर यात भांडण्यासारखं काही नव्हतंच. मिस्त्रींनी त्यांना हे दहादा सांगितलं होतं. दुनळी ढकलते. दांडगी म्हैस अंगावर रेलावी तशी, सावकाश पण थांबता थांबत नाही. माणूस दोन पावलं मागे जातो, पण खांदा शाबूत राहतो. एकनळी चावते. धक्का कमी, पण झटकन येतो, आणि तिचा दस्ता खाली वाकलेला असल्यामुळे नळी वर उसळते नि गालफडात बसते. आता ढकलणं मोठं की चावणं मोठं, हे कोण ठरवणार? पण पालथ्या घड्यावर पाणी. "ते सगळं ठीक आहे हो मिस्त्री, पण जास्त कुठली?" हे ठरलेलंच.

आणि गंमत बघा. थोरले जावई मागल्या दाराने येऊन दुनळीत शिसं भरून घेऊन गेले होते. धाकटे जावई त्याच मागल्या दाराने एकनळीत. दोघांच्याही दस्त्यांना मिस्त्रीणबाईंनी गाद्या शिवल्या होत्या, वरून ओळखू येणार नाहीत अशा. दोघांनीही जाताना तोंडावर बोट ठेवलं होतं. भोकं मिस्त्रींनी पाडली, कातडं मिस्त्रीणबाईंनी शिवलं, आणि दोघा नवराबायकोंनी मूग गिळले.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण मिस्त्रींचा डोळा जाता जाता वाचला. उजवा, रायफल धरायचा त्याच बाजूचा. एकदा खाणीतून आले ते डोळ्यासमोर काळे ठिपके नाचतायत म्हणत, आणि कोपऱ्यातून पडदा ओढल्यासारखं दिसत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आतला फाटलेला पडदा कसाबसा चिकटवला आणि स्वच्छ सांगितलं, "धक्के बस झाले आता. आणखी एक बसला तर हा डोळा मी परत देऊ शकणार नाही. वाकून बारीक कामही नको." आणि रोज सकाळी डावा डोळा झाकून खिडकीचे गज बघायचे, कुठे वाकडा दिसला, कुठे काळं दिसलं तर तसंच उठून यायचं.

मिस्त्रीणबाई रोज सकाळी त्यांना खिडकीसमोर उभं करत. "डावा झाका. किती गज?"

"सात."

"सरळ आहेत?"

"सरळ."

"काळं वगैरे?"

"काही नाही गं. चहा टाक."

डोळ्याची ही गोष्ट गिऱ्हाइकांना कळू द्यायची नाही, अशी मिस्त्रींची ताकीद होती. कुणी खाणीत बोलावलं की ते काहीतरी निमित्त काढत, आज दुकानात गर्दी आहे, आज पाठ धरलीय. डोळा सोडून सगळं दुखायचं. मिस्त्रीणबाई हे ऐकून कपाळाला हात लावायच्या, पण ठीक आहे, बार तरी काढत नाहीत ना, म्हणून गप्प राहायच्या.

मग एका शनिवारी दोघे जावई चक्क एकत्र आले, लांब पेट्या घेऊन. दोघे एकत्र म्हणजे काहीतरी शिजलंय, हे मिस्त्रीणबाईंनी ओळखलंच. थोरल्यांनी घसा खाकरला. गावातल्या संग्रहालयाला शिकाऱ्यांची एक रायफल हवी होती. एकच. काचेच्या कपाटात, खाली पाटी, आणि पाटीवर देणाऱ्याचं नाव. कुठली द्यायची ते तुम्ही आपसात ठरवा, असं तिथल्या माणसाने सांगितलं होतं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

"आम्ही ठरवलंय," धाकटे म्हणाले, "जिची लाथ जबर ती जाणार. आणि निकाल मिस्त्रींचा खांदा देणार. उद्या सकाळी खाणीत."

"फक्त एकेक बार," थोरले म्हणाले.

मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता पाठ दुखेल, गुडघा दुखेल, काहीतरी दुखेल. पण मिस्त्रींची छाती बघता बघता फुगत चालली होती. शिकाऱ्यांच्या रायफली, आणि त्यांच्या निकालावर संग्रहालयाची पाटी. "येतो," मिस्त्री म्हणाले.

पेट्या ठेवून दोघे गेले आणि घरात ठिणगी पडली. मिस्त्रीणबाई बोलायच्या ते सगळं बोलल्या. डॉक्टरीणबाई, डोळा, अक्कल, वय, सगळं निघालं. मिस्त्री हातोड्या नीट लावत बसले होते. "शब्द दिलाय," एवढंच म्हणाले. "आणि दोन बारांनी काय होतंय? दिसतंय मला चांगलं. सात गज. रोज विचारतेस ना?"

तेवढ्यात मागलं दार वाजलं. थोरले जावई. "वहिनी," ते कुजबुजले, "ते आतलं तेवढं काढून ठेवा. शिसं. आणि गादी. लाथ मूळ होती तशी बसू दे."

"म्हणजे तुम्हाला सोसवत नाही म्हणून घातलं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "आणि आता ह्यांना बसायची आहे म्हणून काढायचं."

थोरले पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "संग्रहालयात मूळच हवी ना."

ते गेले आणि चहा गार व्हायच्या आत पुन्हा दार वाजलं. धाकटे जावई. तेच. शब्दसुद्धा तेच. मिस्त्रीणबाईंनी दार लावून कडी घातली. संताप इतका की हसूही येईना. दोन धडधाकट माणसं आपापला खांदा वाचवून माझ्या माणसाचा डोळा खर्ची टाकतायत, आणि हा बाबा वर खुशीने खांदा पुढे करतोय.

"काढून टाक," मिस्त्री आतून म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणेल तसं. मला वाकता येत नाही, तूच काढ."

मग त्याच बसल्या, आदळआपट करत. दुनळीच्या दस्त्याची लोखंडी पट्टी सोडवली, गादी काढली, भोकातून शिसं ठोकून बाहेर पाडलं. सवयीने रायफल दोन बोटांवर तोलून पाहिली. आत काही नसलेली दुनळी पुढे झुकायला हवी, नळीकडे. ही अजून मागेच बसत होती. त्यांनी दस्त्यावर टिचकी मारली. खाली पोकळ वाजलं, पण वरच्या बाजूला, जिथे मिस्त्रींनी हात लावलेला नव्हता, तिथे बद्द आवाज आला. मग त्यांनी बोट फिरवलं. लाकडाच्या रेषा एका जागी गोल तुटत होत्या. डोळ्याने कुणालाच दिसलं नसतं इतकं सफाईदार बूच बसवलं होतं, पण लाकूड घासण्यात जन्म गेलेल्या बोटाला लागलं.

बूच निघालं. आत जुन्या लोकरीत गुंडाळलेली शिशाची जाडजूड कांडी होती. तिच्या टोकावर छिन्नीने मारलेली बारीक चंद्रकोर. ही खूण या दुकानातल्या प्रत्येक जुन्या हत्यारावर होती. मामंजींची खूण.

त्यांनी एकनळी ओढली. तिच्यातही बूच, तिच्यातही कांडी, तिच्यावरही चंद्रकोर.

या शिकाऱ्यांची एक गोष्ट मिस्त्री चारचौघांत नेहमी सांगत. मिस्त्री लहान असताना शिकाऱ्यांनी खाणीत दुनळीचे दोन्ही बार लागोपाठ काढले, आणि पापणी हलली नाही. बाजूला उभे असलेले मामंजी म्हणाले होते, "खांदा असावा तर असा." ते ऐकलं त्या दिवसापासून मिस्त्रींनी कुणाच्याही रायफलीला नाही म्हटलं नव्हतं. हात काळेनिळे करून घेतले, मान आखडून घेतली, डोळा घालवायची वेळ आणली, पण तोंडातून हूं की चूं नाही. म्हाताऱ्या शिकाऱ्याला जमलं ते आपल्याला जमलं पाहिजे.

मिस्त्रीणबाईंनी दोन्ही कांड्या उचलल्या आणि बाहेरच्या फळीवर नवऱ्यासमोर ठेवल्या. एरवी त्या काहीतरी लागट बोलल्या असत्या. आत्ता नुसती खुणेची बाजू त्यांच्याकडे वळवली.

मिस्त्रींनी एक कांडी हातात घेतली. अंगठा चंद्रकोरीवर फिरला, आणि तिथेच थांबला.

"शिकाऱ्यांच्या?"

"दोन्ही. आपल्या शिशाच्या वर, बूच मारून. पहिल्यापासूनच असणार."

त्यांनी कांडी उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "बाबांनी मला सांगितलं नाही."

"गिऱ्हाइकाचा खांदा दुकानाबाहेर जात नाही. त्यांचाच नियम."

"मी काय दुकानाबाहेरचा होतो?" मिस्त्रींचा आवाज फाटला. "मुलगा होतो त्यांचा. मला म्हणाले खांदा असावा तर असा. आणि यात शिसं त्यांनीच भरलेलं. मी जन्मभर कुणाशी बरोबरी करत होतो गं?"

मिस्त्रीणबाईंना वाटलं होतं की आपण कधीतरी बरोबर ठरलो तर किती बरं वाटेल. जरासुद्धा बरं वाटलं नाही. त्या शेजारी स्टुलावर बसल्या. "तुमचं सगळ्यांचं मेलं एकच," त्या हळू म्हणाल्या. "दुखतंय म्हणायची लाज. तो शिकारी, ते दोघे जावई, आणि तुम्ही. तुम्ही तर माझ्याशीसुद्धा."

मिस्त्रींनी कांडी खाली ठेवली. खिडकीकडे पाहिलं. मग स्वतःच डावा डोळा तळव्याने झाकला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"खालचा कोपरा दिसत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"उजवीकडे खाली. काळं आहे. चार दिवस झाले असतील."

"रोज सात सांगत होतात ना."

"ती खिडकी मीच केलीय," मिस्त्री म्हणाले. "गज किती आहेत ते मला डोळे मिटूनही माहीत आहे."

मिस्त्रीणबाई उठल्या. पायात चपला अडकवल्या, दुकानाला कुलूप लावलं, आणि नवऱ्याला दंडाला धरून पहिली दिसली त्या रिक्षात घातलं. रिक्षावाल्याला म्हणाल्या, खड्डे चुकवून चल बाबा, धक्का बसता कामा नये. मिस्त्री डोळे मिटून त्यांचा हात धरून बसले होते, आणि तो हात त्यांनी दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, आणि त्याच संध्याकाळी शस्त्रक्रियेला घेतलं. काय होईल ते आत्ता सांगता येत नाही, म्हणाल्या. उद्या तो बार काढला असता तर मात्र सांगता आलं असतं.

रविवारी सकाळी मिस्त्रीणबाई दवाखान्यातून थोडा वेळ दुकानात आल्या. दोन्ही रायफलींत जिथलं शिसं तिथे घातलं, जुनं आणि नवं, बुचं ठोकली, गाद्या लावल्या, पट्ट्या कसल्या. मग दोघे जावई आले, क्लबाच्या टोप्या घालून.

"मिस्त्री कुठेत?"

"दवाखान्यात. उजवा डोळा. रायफलींच्या धक्क्यांनी पडदा फाटलाय, दुसऱ्यांदा. सांगू नको म्हणत होते, आता म्हणाले सांग." सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. "रात्री पट्टी बांधलीय. दिसेल की नाही, ती काढल्यावर कळेल."

थोरल्यांनी टोपी काढली. धाकट्यांच्या तोंडून मात्र सवयीने निघून गेलं, "मग निकाल?"

मिस्त्रीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही रायफली फळीवर शेजारी ठेवल्या. "ह्या तुमच्या रायफली. जशा आणल्यात तशाच आहेत, मी काहीही काढलेलं नाही. तुम्हाला काढून हवं असेल तर आत्ता दोघांच्या देखत काढते, आणि मग खाणीत जा. खांदे तुम्ही घरूनच आणलेत."

दोघा साडवांनी आधी रायफलींकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि मग दोघांचीही नजर एकाच वेळी मागल्या दाराकडे गेली. थोरले म्हणाले, "दोन्ही देऊन टाकू. पाटीवर सासऱ्यांचं नाव पुरे." धाकटे म्हणाले, "तसंच करू." एवढ्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मिस्त्रीणबाईंनी प्रथमच ऐकलं, आणि त्याचंही धड कौतुक करण्याच्या मनःस्थितीत त्या नव्हत्या. शिकाऱ्यांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. संग्रहालयाने दोन्ही ठेवून घेतल्या, आणि त्या कपाटासमोर उभे राहून लोक अजूनही म्हणतात, काय लाथ असेल हो हिची. म्हणू देत.

पट्टी निघाल्यावरही डोळ्याचं काही दिवस खात्रीचं सांगता येत नव्हतं. धूसर दिसतंय, म्हणायचे. उजेड कळतोय, म्हणायचे. घरी आल्यावर मिस्त्रीणबाईंनी खिडकीचे गज विचारणं बंद केलं. त्याऐवजी रोज सकाळी त्या स्वयंपाकघरातली एक वस्तू उचलून गुपचूप खिडकीला टांगायच्या. कुठे, कधी, ते त्यांच्या मनावर.

"डावा झाका. काय आहे?"

"काहीतरी लांब आहे."

"लांब मलाही दिसतंय. काय आहे?"

असं बरेच दिवस चाललं. मिस्त्री चिडायचे, ह्या त्यांच्याहून जास्त चिडायच्या. कधी चमच्याला सुरी म्हणायचे, कधी नुसतंच काहीतरी चकाकतंय म्हणायचे, आणि त्या दिवशी भाकरी-भाजी दोघांच्या घशाखाली उतरायची नाही.

मग एका सकाळी त्यांनी उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, नेमकं जिथे काळं दिसायचं तिथे, काहीतरी टांगलं आणि बाजूला झाल्या.

मिस्त्रींनी डावा डोळा झाकला. मान न हलवता बघत राहिले.

"झारा," ते म्हणाले.

"उलथनं आहे ते," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"झारा आहे."

"अहो, मी टांगलंय ते. उलथनं आहे."

"तू काहीही टांगलं असशील," मिस्त्री वैतागून म्हणाले. "भोकं दिसतायत मला त्याची."

मिस्त्रीणबाई पाठ करून खिडकीपाशी गेल्या. झारा काढायला त्यांना एरवीपेक्षा पुष्कळ वेळ लागला.